शनिवारचं घर

मुलीला परदेशी शिकायला पोचवायला गेलेल्या बापाला तिथं फारसं काम नसतं. बॅगा उचलायच्या, नको तिथं पैसे काढायचे आणि "स्वेटर घातलास का?" हे दिवसातून चार वेळा विचारायचं. सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस मी हे काम पोलंडमधल्या लुब्लिन शहरात इमानेइतबारे केलं. लेकीला तिथं डॉक्टरकीच्या अभ्यासाला प्रवेश मिळाला होता. पोलंडमध्ये कॉलेजचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आम्ही चार दिवस आधी पोचलो होतो आणि होस्टेलची खोली ताब्यात मिळेपर्यंत कुठंतरी उतरणं भाग होतं. लेकीनं इंटरनेटवर शोधून एक हॉटेल ठरवलं. लुबार्तोव्स्का रस्ता, घर नंबर ८५.

टॅक्सीतून उतरलो तर समोर हॉटेल वाटावं असं काही नव्हतं. पिवळ्या रंगाची भलीमोठी इमारत, दर्शनी भागाला खांब, वर हिब्रू अक्षरं. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या लिसेवची इमारत दहापट फुगवून ठेवावी तशी. आत लांबलचक व्हरांडे, उंच खिडक्या, एकाला एक लागून सारख्या मापाच्या खोल्या. दाराच्या चौकटीला उजव्या हाताला एक छोटी तिरकी डबी ठोकलेली. ती मेझुझा. ज्यू घराच्या दाराला ती असते आणि तिच्यात धर्मग्रंथातला मजकूर लिहिलेली गुंडाळी असते, एवढं मला ठाऊक होतं. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या घरी मी ती पाहिली होती.

लेक खोलीत शिरली, पलंगावर पडली आणि म्हणाली, "पपा, हें हॉटेल न्हय, हें होस्टेल कशें दिसता."

तिचं बरोबर होतं. ते होस्टेलच होतं. नुसतं होस्टेल नव्हे, एके काळी जगातल्या सर्वांत नावाजलेल्या ज्यू पाठशाळांपैकी एकीचं विद्यार्थीगृह होतं. 'येशिवा हखमेय लुब्लिन', म्हणजे लुब्लिनच्या ज्ञानवंतांची पाठशाळा. येशिवा म्हणजे ज्यू धर्मग्रंथांचं, विशेषतः ताल्मूदचं उच्च शिक्षण देणारी शाळा. आपल्याकडची वेदपाठशाळा डोळ्यांपुढे आणा, पण पाठांतरापेक्षा वादविवादावर भर असलेली. दोन दोन मुलं समोरासमोर बसणार, एक पान उघडणार आणि त्यावर तास तास भांडणार.

आता ही पाठशाळा लुब्लिनलाच का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. सोळाव्या शतकापासून लुब्लिन हे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं मोठं विद्यापीठ होतं. इथं १५४७ पासून हिब्रू ग्रंथ छापले जात होते. १५६७ साली पोलंडचा राजा सिगिस्मुंड ऑगस्टस यानं इथल्या येशिवाच्या प्रमुखाला 'रेक्टर' ही पदवी वापरायचा अधिकार दिला. म्हणजे विद्यापीठाच्या कुलगुरूचा मान एका ज्यू पंडिताला! त्याच सुमाराची आपली गोष्ट आठवून पाहा. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झालं होतं. बाटवलेले ज्यू घरात चोरून शनिवार पाळतात का, याची चौकशी चालली होती. गार्सिया द ओर्तानं आपला वनौषधींचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला. तो मेल्यावर, तो मनातून ज्यूच राहिला या आरोपावरून, १५८० साली त्याची हाडं उकरून जाळली. आणि त्याच १५८० च्या आसपास लुब्लिनच्या जत्रेला पोलंडभरच्या ज्यू पुढाऱ्यांची सभा भरायला लागली होती. इतिहासात एकाच वर्षी एका ठिकाणी सभा भरते आणि दुसऱ्या ठिकाणी हाडं जळतात. कुठल्या गावाची पाळी कधी येईल हे मात्र सांगता येत नाही.

पुढं राज्यं बदलली, लुब्लिन रशियाच्या झारकडे गेलं, येशिवाचा तो जुना दिमाख उरला नाही. शिकणं मात्र थांबलं नाही. पूर्व युरोपात गावोगावी छोट्या येशिवा होत्या. गरिबाघरची मुलं बारा-तेराव्या वर्षी घर सोडायची, बोचकं घेऊन दुसऱ्या गावच्या येशिवात दाखल व्हायची. झोपायचं सिनेगॉगच्या बाकड्यावर. आणि जेवायचं? त्यासाठी एक रीत होती. यिद्दिश भाषेत तिला म्हणत 'एसन तेग', म्हणजे 'दिवस खाणं'. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, बुधवारी तिसऱ्या. गावातली घरं मुलं वाटून घ्यायची.

हे मी त्या पहिल्या रात्री खोलीत बसून वाचलं आणि पुस्तक मांडीवर उलटं ठेवलं. कारण याला आपल्याकडे शब्द आहे. वार लावून जेवणं.

आमचे बाबा वार लावून शिकले.

बाबांचा जन्म १९३० चा, अंत्रुज महालातल्या एका खेड्यातला. पोर्तुगीज अमलात आपल्या लोकांना मराठी शाळेच्या पुढं शिकायचं तर गोव्याबाहेर जावं लागे. ज्यांच्या घरी होतं ते मुंबईला, पुण्याला जायचे. नव्हतं त्यांना बेळगाव जवळ. १९४३ साली बाबा तेरा वर्षांचे असताना त्यांच्या मामांनी त्यांना कुळें स्टेशनावरून गाडीत बसवलं. कॅसलरॉकला जकातवाल्यांनी बोचकं सोडून पाहिलं. त्यात दोन कपडे, एक तांब्या, थोडे पोहे आणि सोलं होती. बेळगावात एका देवळाच्या ओवरीत झोपायची सोय झाली आणि वार लागले.

वार लागले सहा. सातवं घर मिळालं नाही. शनिवार रिकामा राहिला.

मग तेरा वर्षांच्या पोरानं काय करावं? बाबांनी सगळ्यांना सांगितलं, मी शनिवारी मारुतीचा उपास करतो. शुक्रवारच्या घरची माउली खूश झाली. "एवढंसं पोर, पण केवढी श्रद्धा!" असं शेजारणींना सांगू लागली. चार वर्षं बाबांनी शनिवारचे उपास केले. त्यातले काही पाण्यावर गेले, काही ओवरीवर भाविकांनी ठेवलेल्या केळ्यावर.

हे त्यांनी आम्हां मुलांना कधी सांगितलं नाही. आमच्या घरी आजी, आई सगळ्या शनिवार करायच्या, बाबा मात्र सकाळी न्याहारी, दुपारी व्यवस्थित जेवण, संध्याकाळी पुन्हा काहीतरी खाणं. मी लहानपणी आजीला विचारलं होतं, बाबा उपास का करत नाहीत? आजी म्हणाली, "तुझ्या बाबांनी जन्माचे सगळे शनिवार एकदम करून टाकलेत." मला वाटलं, काहीतरी नवस असेल. खरं काय ते २००४ साली, बाबा गेल्यावर, बाराव्या दिवशी मामेआजोबांच्या मुलाकडून कळलं.

एवढं कळल्यावर इतर गोष्टींचाही उलगडा झाला. बाबांनी स्वतःच्या घरी, स्वतःच्या ताटात, कधी काही मागून घेतलं नाही. भात संपला तर हात थांबवून बसायचे. आईनं पाहून वाढलं तर ठीक, नाहीतर "पोट भरलं" म्हणून उठायचे. आई चिडायची. घरचा कर्ता माणूस, त्याला भात मागायला काय झालं? आता वाटतं, वाराच्या मुलानं मागायचं नसतं हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. पहिली वाढ ती आपली. दुसरी घरच्या माणसांची.

लुब्लिनच्या त्या खोलीत मी येशिवाच्या मुलांबद्दल वाचत होतो आणि मला बाबा दिसत होते. तिथंही तेच. एखाद्या घरी मुलाला टेबलाशी बसवत, एखाद्या घरी चुलीपाशी. ज्याला सात दिवस मिळाले नाहीत तो उरलेल्या दिवशी कोरड्या पावावर राही, नाहीतर उपाशी. फरक एकच. ज्यूंमध्ये शनिवार हा सब्बाथ, त्या दिवशी परक्याला जेवायला बोलावणं हे पुण्य. त्यामुळे येशिवाच्या पोराला आठवड्यातलं सर्वांत चांगलं जेवण मिळे ते शनिवारी.

ही रीत ज्याला सहन होईना असा एक माणूस म्हणजे मेइर शापिरो. जन्म १८८७, बुकोविना प्रांतातल्या सुचावा गावचा. ते गाव आता रुमानियात आहे. तरुणपणीच रब्बी झाला, एकामागून एक गावांची रब्बीपदं सांभाळली आणि १९२२ साली पोलंडच्या संसदेवर, सेयमवर, निवडून गेला. गडी मोठा कल्पक. १९२३ साली व्हिएन्नाला सनातनी ज्यूंची मोठी परिषद भरली होती. तिथं त्यानं एक साधी सूचना मांडली. जगभरच्या ज्यूंनी रोज ताल्मूदचं एकच पान वाचायचं. म्हणजे आज वॉर्सात जे पान उघडलं असेल तेच न्यूयॉर्कला आणि तेच जेरुसलेमला. बोटीतून प्रवास करणाऱ्या माणसाला कुठल्याही बंदरात उतरल्यावर आपल्या पानावरचा सोबती सापडेल. याला 'दाफ योमी' म्हणतात, म्हणजे रोजचं पान. एकंदर पानं २७११, पारायण पुरं व्हायला साधारण साडेसात वर्षं. आपली ज्ञानेश्वरीची पारायणं सात दिवसांची, यांचं साडेसात वर्षांचं! ते आजवर थांबलेलं नाही. चौदावं पारायण ५ जानेवारी २०२० ला सुरू झालं.

शापिरोची दुसरी कल्पना म्हणजे ही इमारत. त्याचं म्हणणं होतं, जो मुलगा उद्या गावाचा धर्मगुरू होणार, लोकांचे तंटे सोडवणार, त्याला आज त्याच लोकांच्या दारात ताट घेऊन उभं करणं बरोबर नाही. पोराला स्वतःची खोली हवी, स्वतःचा पलंग हवा, जेवणघरात सगळ्यांबरोबर स्वतःची जागा हवी. पोट भरण्याइतकीच मान वर असण्याचीही गरज आहे. आज हे ऐकून कोणी चमकणार नाही. पण त्या काळी पुष्कळांना ती उधळपट्टी वाटली असणार. देवाचं शिकायला पलंग कशाला?

लुब्लिनच्या श्मुएल आयखनबाऊम या सधन गृहस्थांनी जमीन दिली. १९२४ च्या मे महिन्यात कोनशिला बसली. मग पैसा. शापिरो युरोपभर फिरला, अमेरिकेला गेला, गावोगावी भाषणं केली. गरीब माणसांकडूनही थोडे थोडे जमवले. सहा वर्षांनी, २४ आणि २५ जून १९३० ला, उद्घाटन झालं तेव्हा रस्त्यात हजारो माणसं लोटली होती. त्या दिवसाचे फोटो आहेत. काळ्या टोप्यांचा नुसता समुद्र आणि मधोमध ही इमारत, कोरी करकरीत. सहा मजले, शंभराहून जास्त खोल्या, मोठं सभागृह, ग्रंथालय, जेवणघर, न्हाणीघरं. शापिरो स्वतः लुब्लिनला येऊन प्रमुख झाला.

प्रवेश सोपा नव्हता. ताल्मूदची दोनशे पानं तोंडपाठ हवीत, अशी अट सांगतात. गरीब-श्रीमंत पाहिलं जात नव्हतं, पाठ पाहिलं जात होतं. एकदा आत घेतलं की राहण्या-जेवण्याची चिंता संस्थेची. चौदा-पंधरा वर्षांची पोरं पोलंडच्या कुठल्या कुठल्या खेड्यांतून बोचकं घेऊन या दारात आली असतील. आयुष्यात पहिल्यांदा ज्यांना स्वतःचा पलंग मिळाला अशी कितीतरी. पहिल्या रात्री झोप लागली असेल का त्यांना? मी हा विचार करत होतो आणि शेजारच्या पलंगावर माझी लेक घोरत होती. तिच्या वाट्याला पलंग नाही असा दिवस कधी आला नाही, देवाची कृपा.

दाफ योमीचं पहिलं पारायण १९३१ च्या फेब्रुवारीत संपलं, त्याचा सोहळा इथंच झाला. पण शापिरोला पुढचा सोहळा पाहायला मिळाला नाही. १९३३ च्या ऑक्टोबरात, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, तो आजारी पडून वारला. मूलबाळ नव्हतं. लुब्लिनमध्येच त्याला पुरलं आणि १९५८ साली त्याचे अवशेष जेरुसलेमला नेले. दुसरं पारायण १९३८ साली संपलं, तोही सोहळा याच इमारतीत. त्यानंतर एक वर्ष.

१८ सप्टेंबर १९३९ ला जर्मन फौजा लुब्लिनमध्ये शिरल्या. येशिवा बंद झाली. उद्घाटनापासून पुरी दहा वर्षंही झाली नव्हती. जर्मन लष्करानं इमारत ताब्यात घेतली. ग्रंथालयाबद्दल एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. १९४१ साली एका जर्मन वर्तमानपत्रानं मोठ्या फुशारकीनं लिहिलं की आम्ही तिथले ग्रंथ बाजारात नेऊन जाळले, आग वीस तास चालली, ज्यू भोवती उभे राहून रडत होते आणि त्यांचा आवाज दबावा म्हणून लष्करी बँड वाजवला. ही गोष्ट पुष्कळ पुस्तकांत आहे. पण लुब्लिनमधले अलीकडचे अभ्यासक म्हणतात, एवढ्या मोठ्या होळीचा दुसरा पुरावा मिळत नाही. उलट येशिवाचा शिक्का असलेले ग्रंथ युद्धानंतर इकडे तिकडे सापडले आहेत. म्हणजे काही जळले असतील, काही लुटून नेले असतील. मला या गोष्टीत सगळ्यात भयंकर वाटलं ते हे, की जाळलं असो वा नसो, जाळलं असं सांगण्यात त्यांना भूषण वाटत होतं.

माणसांच्या बाबतीत मात्र शंकेला जागा नाही. युद्धापूर्वी लुब्लिनच्या सुमारे १,२०,००० वस्तीत ४०,००० च्या वर ज्यू होते. म्हणजे दर तिसरा माणूस. मार्च १९४१ मध्ये त्यांना घेट्टोत कोंडलं. १७ मार्च १९४२ च्या रात्रीपासून रोज गाड्या भरून बेऊझेत्सच्या मृत्युछावणीत पाठवलं. पोलंडमधल्या ज्यूंना संपवण्याच्या मोहिमेचं मुख्य ठाणंच लुब्लिनला होतं. शहराच्या कडेला मायदानेकची छावणी. तिथल्या संग्रहालयाच्या संशोधनानुसार त्या छावणीत सुमारे ७८,००० माणसं मेली, त्यांतले सुमारे ५९,००० ज्यू. ३ नोव्हेंबर १९४३ या एका दिवसात तिथं सुमारे १८,००० ज्यू गोळ्या घालून मारले.

येशिवाची मुलं त्यांत गेली. थोडी वाचली, काही तर सैबेरिया ओलांडून जपानमार्गे शांघायपर्यंत पोचली. पण इथं आणखी एक गोष्ट लक्षात येते. येशिवाचं होस्टेल गेलं तसं वाराची घरंही गेली. सोमवारचं घर, मंगळवारचं घर, चुलीपाशी बसवणारं आणि टेबलाशी बसवणारं, सगळीच. ज्यानं पोराला मान दिला तोही आणि ज्यानं हिणवून का होईना पण भाकरी दिली तोही, एकाच गाडीत.

हे मनात आलं आणि मी थोडा वरमलो. बाबांची हकिगत कळल्यापासून मी बेळगावच्या त्या सहा घरांवर मनातून रागावलेला होतो. आपल्या समाजातल्या दानधर्माच्या दिखाऊपणावर मी चार-दोन ठिकाणी तावातावानं बोललोही आहे. पण पोर उपाशी राहू नये म्हणून एखाद्या गरीब कारकुनाच्या बायकोनं आपल्या मोजक्या तांदळात दर बुधवारी एक मूठ जास्त टाकली असेल, तिचं काय? १९४३ साल. युद्धाची महागाई, रेशनचं धान्य. ती मूठ सोपी नव्हती. शापिरोचं म्हणणं खरंच आहे, पोराची मान वर राहायला हवी. पण शेकडो वर्षं कुठल्याही इमारतीशिवाय, कुठल्याही देणगीशिवाय गरिबाची पोरं शिकली ती या घरांवर. धर्मानंद कोसंबी १८९९ साली साखवाळहून निघाले ते असेच. पुणं, ग्वाल्हेर करत काशीला पोचले आणि तिथं अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. अन्नछत्र नसतं तर बौद्ध धर्माचा तो पंडित आपल्याला मिळाला असता का? आणि अन्नछत्रात जेवताना त्यांना काय काय सोसावं लागलं ते 'निवेदन' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. दोन्ही खरं आहे.

बाबांचा आणि पोलंडचा एक संबंध मला तिथंच आठवला. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. रशियानं सैबेरियाकडे हाकललेली सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे तिथं येऊन राहिली होती. बाबा म्हणायचे, "कोल्हापूरला गेलो की गोऱ्या बायका बाजारात भाजी घेताना दिसत, मोडक्या मराठीत भाव करायच्या." म्हणजे ज्या वर्षी बाबा बेळगावात शनिवारचे उपास करत होते, त्याच वर्षी पोलंडची मुलं शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आपल्या मातीत जेवत होती. आणि आता बाबांची नात पोलंडच्या मातीत जेवायला आली होती.

युद्ध संपल्यावर इमारतीत परतायला येशिवा उरली नव्हती. ती सरकारकडून लुब्लिनच्या वैद्यकीय अकादमीकडे गेली. त्यांनी तिला 'कोलेगियुम मायुस' म्हटलं. जिथं ताल्मूदवर वाद चालायचे तिथं पन्नासेक वर्षं शरीरशास्त्राचे पाठ चालले. पोलंडच्या डॉक्टरांच्या दोन पिढ्या या जिन्यांवरून चढल्या-उतरल्या. २००३ साली इमारत ज्यू समाजाला परत मिळाली. ११ फेब्रुवारी २००७ ला आतला सिनेगॉग पुन्हा उघडला आणि २०१३ साली उरलेल्या भागात हॉटेल झालं, ज्यात आम्ही उतरलो होतो. ज्यू समाज आता लुब्लिनमध्ये बोटावर मोजण्याइतका. एवढी मोठी वास्तू सांभाळायची तर खोल्या भाड्यानं देण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडच्या मोठ्या वाड्यांचं काय होतं ते आपण पाहतोच. तरी पाहुणे आले, खोल्यांत दिवे लागले, हे काय कमी आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या शहरात गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी मोठं मोकळं मैदान आहे. परक्याला वाटावं, काय छान जागा सोडली आहे. ती सोडलेली नाही. तिथं ज्यूंचं अख्खं गाव होतं, गल्ल्या, दुकानं, सिनेगॉग. नाझींनी ते पाडून सपाट केलं. जुन्या शहरातून तिकडे उतरणाऱ्या वेशीला ग्रोद्झ्का ब्रामा म्हणतात. त्या वेशीतल्या इमारतीत काही पोलिश लोकांनी, जे स्वतः ज्यू नाहीत, मोठं काम मांडलं आहे. युद्धापूर्वीच्या लुब्लिनमधल्या प्रत्येक ज्यू माणसासाठी एक फाइल. सुमारे ४३,००० फाइली. नाव, पत्ता, जे सापडेल ते. कित्येक फाइलींत जवळजवळ काहीच नाही. पण फाइल आहे. जवळच पोदवाले रस्त्यावर जुन्या ज्यू गावाचा उरलेला एक रस्त्यावरचा दिवा आहे, तो दिवसाही जळत ठेवतात.

तिथून वर येताना एका बेकरीत त्सेबुलाश मिळाला. चपटा, हाताच्या तळव्याएवढा पाव, वर कांदा आणि खसखस. हा मूळचा लुब्लिनच्या ज्यूंचा. आता अख्ख्या शहराचा झाला आहे आणि २०१४ पासून त्याला युरोपीय संघाचं नामसंरक्षणही आहे. आपल्या पोयेला जीव लावणाऱ्या माणसाला तो आवडल्याशिवाय राहणार नाही. करणारे गेले, पाव राहिला. मी तो खाल्ला, चांगला दोन खाल्ले, आणि घास घशात अडकला असं खोटं लिहिणार नाही. पण दुसरा मागून घेताना बाबा आठवले, एवढं खरं.

चौथ्या दिवशी होस्टेलची खोली मिळाली. दोघींत एक खोली, दोन पलंग, दोन टेबलं, खिडकीतून दिसणारं एक झाड. मजल्यावर सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. लेकीनं टेबलावर गणपती ठेवला, हळदीची, सोलांची पाकिटं कपाटात लावली आणि मला म्हणाली, "पपा, तुम्ही आता गेलात तरी चालेल." पोर स्थिरावलं हे यावरून ओळखावं.

परत आल्यावर महिनाभरानं तिचा फोन आला. तिच्या मजल्यावर केरळची एक, तैवानची दोघं, नॉर्वेचा एक, पोलिश मैत्रीण, शिवाय आणखी एक जण, असे सात जण जमले होते. रोज प्रत्येकानं वेगळा स्वयंपाक करण्यात वेळ जातो म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. आठवड्यातून एक दिवस एकानं सगळ्यांसाठी रांधायचं. ज्याचा दिवस त्याचं घर.

"वार लावलेत म्हण की," मी म्हणालो. तिला तो शब्द ठाऊक नव्हता. मी सांगितला, बाबांची गोष्टही सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पपा, माझा शनिवार आहे."

त्या शनिवारी तिनं सात जणांसाठी सोलांची कढी आणि भात केला. भात उरला का, असं हिनं फोनवर विचारलं. नाही म्हणाली. सगळ्यांनी मागून मागून घेतला.